सोसायटीच्या आवारातला दिवाळीचा किल्ला: जागा ठरवण्यापासून उतरवण्यापर्यंत

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी कुठल्याही सोसायटीत चक्कर मारा. दोन बाबा घामाघूम होऊन विटा रचत असतात, शेजारी सात-आठ मुलं हात बांधून उभी असतात. चिखल ओला असतो. अळीव दुपारीच पेरलेलं असतं, म्हणजे ते हिरवं होईपर्यंत पाडवा उजाडणार. रात्री दव पडतं, सकाळी अर्धा कडा खाली बसलेला दिसतो आणि मग कोणीतरी त्यावर सिमेंट थापतं.

यातली प्रत्येक चूक टाळता येते. किल्ला अवघड नाही, पण त्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडला की पुढचं सगळं बिघडतं. खालची मापं ६ फूट बाय ४ फूट आणि सुमारे अडीच फूट उंचीच्या किल्ल्याची आहेत. दहा-बारा मुलं एकत्र काम करू शकतील एवढा हा आकार. तुमच्याकडे मुलं कमी असतील तर सगळं निम्मं करा, दिवस मात्र तेवढेच ठेवा.

टप्पा १: दिवस उलटे मोजा

वसुबारस हा किल्ला तयार होण्याचा दिवस धरा आणि तिथून मागे या.

१४ दिवस आधी: जागा आणि परवानगी.
१२ दिवस आधी: कुठला किल्ला ते ठरवणं, कागदावर आराखडा.
१० दिवस आधी: सगळं सामान आवारात हजर.
९ दिवस आधी: दगड-विटांचा सांगाडा.
८ दिवस आधी: मातीचा पहिला थर.
७ दिवस आधी: तटबंदी, दुसरा थर आणि संध्याकाळी पेरणी.
१ दिवस आधी: चित्रं (म्हणजे मावळे आणि बाकीचे छोटे पुतळे), पाट्या, दिवे.

पेरणी आणि चित्रं यांच्यामधले पाच-सहा दिवस रिकामे दिसतात. ते अळीवाचे आहेत, त्यांना हात लावू नका.

खरी अडचण सहामाही परीक्षेची असते. पेपर दिवाळीच्या तोंडावर संपतात आणि तोवर मुलं मोकळी नसतात. म्हणून सांगाड्याचं जड काम रविवारी येईल असं बघा आणि बाकीचं रोज संध्याकाळी एक तासात बसवा. परीक्षा संपल्यावर सुरुवात करू म्हणणाऱ्यांचा किल्ला लक्ष्मीपूजनापर्यंत मातकट राहतो.

टप्पा २: जागा आणि परवानगी

जागा निवडताना चार गोष्टी बघा. तिथे सकाळचं किंवा दुपारनंतरचं ऊन तीन-चार तास तरी यायला हवं. पाण्याचा नळ बादली नेता येईल इतका जवळ हवा. वॉचमनच्या खुर्चीवरून ती जागा दिसायला हवी. आणि मागून एक भिंत असेल तर उत्तम, कारण तीन बाजूंनीच काम करावं लागतं आणि सामानही कमी लागतं. फक्त भिंतीला माती टेकवू नका. मध्ये चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर रंगावर डाग पडतात आणि दिवाळीनंतर तीच तक्रार पुढे येते.

कुठे बांधू नये ते जास्त महत्त्वाचं आहे. पाण्याच्या टाकीचं झाकण, ड्रेनेजचं चेंबर, मीटरची खोली, लिफ्टसमोरची मोकळी जागा आणि अग्निशमन दलाची गाडी आत येण्याचा रस्ता सोडून द्या. जिथे दरवर्षी फटाके उडवतात तो कोपराही नको.

परवानगी तोंडी घेऊ नका. सोसायटीच्या सचिवांना मुलांच्या सहीचं अर्ध्या पानाचं पत्र द्या: जागा कोणती, काम कधी सुरू होणार, कधी उतरवणार, सफाई कोण करणार. उतरवण्याची तारीख लिहिली की बहुतेक हरकती तिथेच मिटतात. लोकांचा विरोध किल्ल्याला नसतो, डिसेंबरपर्यंत पडून राहणाऱ्या चिखलाला असतो.

*तपासा:* ठरलेल्या जागेवर एक बादली पाणी ओता आणि ते कुठे वाहत जातं ते पाहा. आमच्याकडे एका वर्षी हे बघितलं नव्हतं. अवकाळी सर आली, माती थेट चेंबरमध्ये गेली आणि ऐन नरकचतुर्दशीला तळमजल्यावरच्या दोन घरांची मोरी तुंबली. पाणी चेंबरकडे जात असेल तर जागा बदला किंवा मध्ये विटांचा आडवा बांध घाला.

टप्पा ३: कुठला किल्ला, ते आधी कागदावर

“असाच एक किल्ला” बांधला की तो डोंगरावर ठेवलेल्या घरासारखा दिसतो. खरा किल्ला निवडा आणि त्याची तीनच ठळक वैशिष्ट्यं घ्या. सगळं दाखवायला गेलात तर काहीच ओळखू येणार नाही.

मुलं भरपूर आणि जागा ऐसपैस असेल तर राजगड घ्या. मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालचे तटबंदी केलेले सपाट भाग: उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येला संजीवनी. यात काम आपोआप वाटलं जातं, एका माचीवर तीन-चार मुलं. सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, दाखवलं की बघणारा लगेच ओळखतो. जागा लांबट आणि अरुंद असेल तर लोहगड. त्याचा विंचूकाटा, म्हणजे डोंगराची लांब, अरुंद सोंड, एका बाजूला सरळ लांब काढता येतो आणि एकामागून एक येणारे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे हेच त्याचं आकर्षण. उंची द्यायला सामान नसेल तर सिंधुदुर्ग: सपाट बेट, नागमोडी तट, भोवती निळं कापड किंवा पाणी. रायगड सगळ्यांना हवा असतो, पण त्याचा माथा मोठा आहे आणि नगारखाना, राजसभा, बाजारपेठ, जगदीश्वराचं मंदिर इतकं सगळं मांडावं लागतं. पहिल्या वर्षी तो घेऊ नका.

किल्ल्याचा नकाशा बघून मुलांनी वरून दिसणारा आराखडा काढावा, मग समोरून दिसणारा. दोन्हींवर फुटांत मापं लिहावीत. नंतर तोच आराखडा खडूने जमिनीवर खऱ्या मापात काढा. इथे अर्धा तास जातो आणि पुढचे दोन दिवस वाचतात.

*तपासा:* खडूच्या रेघेबाहेर, मागची भिंत सोडून बाकी सगळ्या बाजूंनी दीड फूट जागा चालायला उरते का? उरत नसेल तर किल्ला लहान करा. मधल्या भागापर्यंत मुलांचा हात पोचला पाहिजे, नाहीतर पाणी मारायला कोणीतरी किल्ल्यावर पाय देणारच.

टप्पा ४: कामं वाटून द्या, मोठ्यांनी मागे सरका

सगळ्यात जास्त किल्ले इथे बिघडतात. बाबा लोक उत्साहाने उतरतात आणि अर्ध्या तासात मुलं पाणी आणून देणारी मदतनीस होतात. दुसऱ्या दिवशी ती येतच नाहीत.

आम्ही गडावरच्या जुन्या अधिकाऱ्यांची नावंच वापरतो. हवालदार म्हणजे गडाचा प्रमुख, काय आधी आणि काय नंतर ते तो ठरवतो. सबनीस वही ठेवतो: आज कोण आलं, किती वर्गणी जमली, कशावर खर्च झाली. कारखानीस सामान सांभाळतो, फावडी आणि घमेली मोजून देतो आणि मोजून परत घेतो. ही तीन पदं दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना द्या. दर वर्षी बदला. त्याखालच्यांना माती मळणं, गोळे करणं, पाणी फवारणं ही कामं द्या. चार वर्षांच्या मुलाला वेगळा छोटा ढीग द्या, त्याचा तो किल्ला. तो मोठ्या किल्ल्यावर चढणार नाही.

मोठ्यांकडे चारच कामं: माती चाळणं, जड दगड उचलणं, वीज आणि धार असलेली हत्यारं. बाकी विचारलं तरच सांगायचं. आजी-आजोबांना खुर्ची टाकून जवळ बसवा. गावाकडे किल्ल्याला माती कशी मळायची हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं आणि संध्याकाळी सगळे आईवडील कामावर असताना लक्ष ठेवायला तेच असतात.

बोलावताना दारोदार जा, फक्त ग्रुपवर निरोप टाकून थांबू नका. भाड्याने नवीन आलेली कुटुंबं, मराठी नसलेली घरं, वॉचमनची आणि कामाला येणाऱ्या ताईंची मुलं, ही सगळी त्या ग्रुपवर नसतात. वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि कोणी किती दिली ते वहीत सबनीसाच्या पानावरच राहू द्या.

टप्पा ५: सामान, एकाच दिवशी

विटा आणि मध्यम दगड मिळून ७०-८०. आवारात पडलेल्या, तुटक्याही चालतील.
तागाची गोणपाटं ५. किराणा दुकानात जुनी मिळतात. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्यांवर माती धरत नाही, ती घेऊ नका.
लाल माती १४-१५ घमेली, नर्सरीतून.
वाळू ३ घमेली, गव्हाचा भुसा किंवा बारीक चिरलेलं वाळकं गवत एक घमेलं.
अळीव २०० ग्रॅम. नाचणी किंवा मोहरी मूठभर.
जुनी चाळण, दोन फवारणीच्या बाटल्या, जुनी थापी, आइस्क्रीमच्या काड्या, रिकामे डबे.
बागेसाठी मिळणारी जाळी किंवा जुनी मच्छरदाणी.

बांधकामाच्या जागेवरची माती फुकट मिळते म्हणून आणू नका. तिच्यात सिमेंट आणि चुना असतो, त्यात अळीव धड उगवत नाही. खिळे आणि काचाही निघतात. नुसती काळी मातीही नको. ती वाळताना आकसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. काळीच मिळत असेल तर मातीच्या निम्मी वाळू आणि नेहमीच्या दुप्पट भुसा घाला.

*सावधान:* कुठलीही माती आधी मोठ्या माणसाने चाळून घ्यावी, मगच मुलांचे हात तिच्यात जाऊ द्या.

टप्पा ६: सांगाडा

खडूच्या रेघेच्या आत जाड प्लॅस्टिक अंथरा, म्हणजे शेवटी फरशी खरवडावी लागत नाही. सगळ्यात मोठे दगड खाली, बाहेरच्या कडेला. विटा वर, आत. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा दोन-तीन बोटं आत घ्या. कडा सरळ उभा दाखवायचा असला तरी तो किंचित मागे झुकलेलाच हवा, कारण त्यावर ओल्या मातीचं वजन येणार आहे.

पोकळ जागा भरायला पुठ्ठ्याची खोकी वापरण्याचा मोह होतो. खोकं पाणी पितं आणि तिसऱ्या दिवशी आतून बसतं. वरची माची त्याच्याबरोबर खाली येते. दगडांचे तुकडे, फुटक्या कुंड्या, उलटे ठेवलेले पत्र्याचे डबे भरा.

जे काही आतून जाणार आहे ते आत्ताच बसवायचं. भुयार हवं तर प्लंबिंगच्या जाड पाइपाचा तुकडा, गुहा हवी तर आडवा डबा, नेढं हवं तर दोन्ही तोंडं उघडी असलेला छोटा डबा. माती चढल्यावर भुयार खोदायला गेलात की अख्खी सोंड ढासळते.

आता गोणपाट. एका घमेल्यात माती आणि पाणी घालून पातळ काला करा, साधारण भज्यांच्या पिठाएवढा. गोणपाट त्यात पूर्ण बुडवा, पिळू नका, दोघांनी दोन टोकांना धरून सांगाड्यावर सोडा. मग हाताने आत दाबत जा. जिथे दाबाल तिथे घळ होते, जिथे सोडाल तिथे सोंड उभी राहते. सह्याद्रीच्या डोंगरांच्या ज्या घड्या लांबून दिसतात त्या इथेच तयार होतात, नंतर थापीने कोरून येत नाहीत. आमच्याकडची एक मुलगी या कामाला बसली की अर्धा तास मान वर करत नाही. ती दोन्ही अंगठ्यांनी घळ वरून खाली ओढत आणते आणि पायथ्याशी थोडी रुंद करून सोडते. पाणी असंच वाहतं, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

*तपासा:* गोणपाट घातल्यावर माथ्यावर, माच्यांवर, प्रत्येक सोंडेवर तळहाताने जोर देऊन बघा. कुठे हललं किंवा आत गेलं तर आत्ताच दगड सारून घट्ट करा. एक रात्र तसंच राहू द्या.

टप्पा ७: मातीचा पहिला थर

तीन भाग लाल माती, अर्धा भाग वाळू, दोन मुठी भुसा. आधी कोरडंच मिसळा, मग थोडं थोडं पाणी घालून मळा आणि तासभर झाकून ठेवा. मुरलेली माती हाताला चिकटत नाही.

माती बरोबर झाली का हे बघायला लिंबाएवढा गोळा करून कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाका. तीन-चार तुकडे झाले तर माती तयार. पोळीसारखा चपटा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. मुलांना ही परीक्षा फार आवडते. दहा-बारा गोळे जास्तीचे पडतील, पडू द्या.

खालून वर चढत या. पायथ्यापासून सुरू करून वर गेलात तर खालचा थर वरच्याला आधार देतो. वरून सुरू केलं की माती घसरत खाली येते आणि पायथा ढेऱ्या पोटासारखा फुगतो. एक इंच जाडी पुरे. गुळगुळीत करू नका, बोटांनी ओरखडे काढून ठेवा, म्हणजे दुसरा थर धरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेगा पडलेल्या दिसतील. घाबरायचं काही नाही, पहिल्या थराला भेगा पडतातच. त्यांत पातळ काला भरा आणि पुढे चला.

*सावधान:* काम संपल्यावर हात, घमेली, थापी चेंबरवर किंवा नळाखाली धुवायची नाहीत. एक बादली ठेवा, त्यात धुवा, ते पाणी बागेत ओता.

टप्पा ८: तटबंदी, बुरूज, दरवाजा

इथे प्रमाण सांभाळा. बाजारातल्या मावळ्यांची उंची आधी मोजा. मावळा तीन इंच असेल तर दरवाजा चार इंच आणि तट अडीच-तीन इंच. दरवाजापेक्षा मावळा मोठा असलेले किल्ले दरवर्षी दिसतात आणि त्याचं कारण एकच, चित्रं शेवटी आणली जातात. निदान एक तरी मावळा या दिवशी हाताशी ठेवा.

तट म्हणजे मातीच्या वळकट्या एकावर एक, प्रत्येक सांध्यावर ओलं बोट फिरवून. तट सरळ आखू नका, डोंगराच्या कडेने जाऊ द्या. बुरुजासाठी छोट्या डब्याला बाहेरून कागद गुंडाळा, त्यावर माती थापा, अर्ध्या दिवसाने डबा फिरवून काढा. आत कागद राहिला तरी हरकत नाही. वरच्या चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, आइस्क्रीमच्या काडीने दाबून सारख्या अंतरावर पाडा. जंग्या, म्हणजे तटातली मारा करायची भोकं, खराट्याच्या काडीने तिरकी खाली पाडा, कारण शत्रू खालून येतो.

महादरवाजा समोरून सरळ दिसत असेल तर तो चुकला. गोमुखी रचनेत दोन बुरूज एकमेकांना वळसा घालतात आणि दरवाजा त्यांच्या आड लपतो, अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. वाटही तशीच, पायथ्यापासून वळणं घेत. आत शिरल्यावर बाजूला पहारेकऱ्यांची देवडी कोरा. पायऱ्या करताना काडी आडवी दाबा, काढा, वर सरका.

हे झालं की दुसरा थर: तीच माती, वाळू न घालता, अर्धा इंच. जिथे गवत हवं तिथेच. उभे कडे तसेच उघडे ठेवा आणि त्यांवर ओल्या फडक्याने खडकाचे पट्टे ओढा. सगळीकडे हिरवं केलं की डोंगर दिसत नाही, गालिचा दिसतो.

टप्पा ९: अळीव

अळीव पाण्यात भिजलं की त्याच्याभोवती चिकट गर तयार होतो. याच गुणामुळे ते उतारावर टिकतं, आणि याचमुळे चुकीच्या हाताने त्याचे गोळे होतात.

उतारासाठी: अर्धी वाटी अळीव, एक वाटी पाणी, वीस-तीस मिनिटं. रात्रभर भिजवू नका, खळ होते. ओल्या मातीवर चमच्याच्या पाठीने पातळ पसरा, बी शेजारी बी, एकावर एक नको. सपाट माचीवर कोरडंच भुरभुरा आणि तळहाताने हलकेच दाबा. वर माती टाकू नका. झाडी दाखवायच्या कोपऱ्यात मोहरी, गवतासारखी पाती हवी तिथे नाचणी.

लगेच ओलं सुती फडकं किंवा वर्तमानपत्र झाका. कबुतरं आणि मुंग्या दोघंही बियांवर टपलेले असतात. दीड ते दोन दिवसांनी पांढरे अंकुर दिसले की झाकण काढा. एक दिवस उशीर झाला तर अंकुर पिवळे आणि लांब होतात, ते पुढे उभे राहत नाहीत.

पाणी फक्त फवाऱ्याने, दिवसातून तीन-चार वेळा, दुपारी चुकवू नका. ऑक्टोबरच्या उन्हात मातीचा वरचा पापुद्रा दोन तासांत वाळतो. तांब्याने पाणी ओतलं की बी वाहून पायथ्याशी जमा होतं आणि डोंगर टकला राहतो. फवारणीची पाळी वहीत नावानिशी लिहा, सगळ्यांनी मारायचं ठरलं की कोणीच मारत नाही, नाहीतर पाच जण मारतात.

तिसऱ्या दिवशी मुळांजवळ पांढरी लव दिसते. बुरशी समजून लोक अख्खा भाग खरवडतात. फवारा मारून बघा. लव पाण्याने नाहीशी झाली तर ती मुळांची होती. जाळ्यासारखी तशीच राहिली आणि कुबट वास आला तर बुरशी, तेवढाच तुकडा उचलून काढा आणि पाणी कमी करा.

पाऊस येणार असेल तर प्लॅस्टिक थेट गवतावर टाकू नका. चार कोपऱ्यांना काठ्या उभ्या करा, वर प्लॅस्टिक ताणा, बाजू मोकळ्या. पाऊस थांबला की लगेच काढा. आम्ही एकदा सरळ अंथरून झोपलो आणि सकाळी खाली सगळं उबून काळं पडलेलं होतं.

मांजरं हा वेगळा विषय आहे. मऊ, ओली, चाळलेली माती त्यांच्यासाठी आयती जागा. पहिल्या रात्रीपासून जाळी घाला, पायथ्याशी विटांनी दाबून.

*तपासा:* पाचव्या दिवशी गवत दीड-दोन इंच असावं. जास्त वाढून लवत असेल तर कात्रीने वरून छाटा. रिकामे डाग असतील तर आत्ता पुन्हा पेरा, भाऊबीजेपर्यंत भरतील.

टप्पा १०: चित्रं, पाणी, दिवे

चित्रं शेवटच्या दिवशी, फवारणी थांबल्यावर. कच्च्या रंगाची मातीची किंवा प्लास्टरची चित्रं ओल्या मातीवर ठेवली की तळ विरघळतो आणि पाय रंगहीन होतात. प्रत्येकाखाली फुटक्या फरशीचा किंवा पुठ्ठ्याला प्लॅस्टिक लावलेला छोटा तुकडा ठेवा. सिंहासन बालेकिल्ल्यावर, पहारेकरी दरवाजात आणि बुरुजांवर, शेतकरी, गवळण, बाजार पायथ्याच्या गावात. वाघ गुहेत. माथ्यावर गर्दी नको. नवी चित्रं कमीच घ्या, घरोघरी माळ्यावर जुनी असतात, ती जमवा.

तळ्यासाठी मातीत पसरट डबा पुरा, सिमेंट नको. त्यातलं पाणी दर दोन दिवसांनी पूर्ण बदला. स्वच्छ साठलेल्या पाण्यातच डेंगीचे डास अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात.

दिव्यांसाठी बॅटरीवरच्या माळा वापरा. घरातल्या प्लगवरची माळ ओल्या मातीत कधीही नाही. पणत्या फक्त पायथ्याबाहेर, विटेवर, मोठं माणूस जवळ असताना.

टप्पा ११: किल्ला दाखवायचा

प्रत्येक मुलाने एकच जागा सांगायची, दोन-तीन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत. पाठ केलेलं भाषण दुसऱ्या वाक्याला अडतं. पाट्यांवर फक्त जागेचं नाव, जाड अक्षरात, आणि शुद्धलेखन एकदा मोठ्यांनी बघावं. मराठी नसलेल्या घरातल्या मुलाने त्याच्या भाषेत सांगितलं तर त्याचे आईवडील हमखास येतात. ध्वनिक्षेपक लागत नाही. लावलाच तर रात्री १० च्या आत बंद.

शेजारच्या सोसायट्यांतले किल्ले बघायला एक संध्याकाळ सगळ्यांनी मिळून पायी निघा. स्पर्धा ठेवायची असेल तर निकालाआधी परीक्षकांनी मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: “हे कोणी केलं?” उत्तर देताना मुलांनी बाबांकडे बघितलं तर गुण कापावेत, असं मला मनापासून वाटतं.

बॉल लागून बुरूज पडेल, कोणाचा तरी धाकटा भाऊ तट मोडेल. थोडी मळलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून राखून ठेवा. रडारड होण्याआधी दुरुस्ती सुरू झाली पाहिजे.

टप्पा १२: उतरवणं

बहुतेक जण तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवतात. पत्रात दिलेली तारीख त्याच्या आसपासची असू द्या आणि ती पाळा, पुढच्या वर्षीची परवानगी त्यावरच मिळते.

आधी चित्रं. कोरड्या ब्रशने झाडून, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, डब्यावर नाव घालून कारखानिसाच्या घरी. मग दिवे आणि पाट्या. माती दोन दिवस कोरडी होऊ द्या, ओली खणलीत तर वजन दुप्पट. गवतासकट ती सोसायटीच्या बागेत किंवा कुंड्यांत जाते. गोणपाट झटकून वाळवा, पुढच्या वर्षी चालतं, कुजलेलं असेल तर खतात. विटा होत्या तिथे रचून ठेवा. खालचं प्लॅस्टिक चार कोपऱ्यांना धरून उचला आणि फरशी झाडूनच घ्या, पाण्याने धुऊ नका.

शेवटी सबनिसाने वहीत लिहायचं: किती घमेली माती लागली, किती उरली, पेरणी कोणत्या दिवशी केली, गवत कधी दिसलं, कोण कोण आलं, काय चुकलं. आमच्या वहीत गेल्या वर्षीच्या पानावर चौथीतल्या सबनिसाने तिच्या गोल अक्षरात दोनच ओळी लिहिल्या आहेत. “माती १६ घमेली. जाळी मांजराच्या आधी आणणे.”